नख न रुतणारं बेअरिंग

ती. बाबा,

वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही, आईला सांगा.

इथे शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवतात. पहिल्याच दिवशी तुमची शिकवण वापरली आणि तोंडघशी पडले. नव्या बेअरिंगची अर्धगोल वाटी हातात घेतली की धातू मऊ आहे ना म्हणून तुम्ही तिच्यावर नख रुतवून पाहायचात ना? मीही पाहिलं. ओरखडा उठेना, उलट नखच मोडलं. माल खोटा म्हणून मी अख्खी पेटी बाजूला काढली. फोरमन हसून म्हणाले, "पोरी, यात शिसं नाहीच. ॲल्युमिनियम आणि कथील आहे, वर चिवट थर."

हे जास्त वेग सोसतं म्हणे. पण शिशाचं मऊ बेअरिंग तेलातला बारीक कचरा पोटात घ्यायचं, आईसारखं. हे घेत नाही. म्हणून इथे केसाची बटसुद्धा टोपीत कोंबावी लागते.

मला राहवेना. विचारलं, एवढं गुणी शिसं काढलं कशाला?

ते म्हणाले, "इंजिनाला चालायचं, माणसाला नाही. घासणाऱ्याच्या अंगात भिनतं. हात थरथरायला लागतात."

बाबा, तुम्ही चाळीस वर्षं बेअरिंगं घासून बसवलीत आणि त्याच हातांनी डबा खाल्लात. तुमचा चहा बशीत सांडतो तो वयामुळे, असं आपण सगळेच म्हणत आलो. एकदा रक्त तपासून घ्याल? काही निघणारही नाही.

आणि या पत्राचं उत्तर आईकडून लिहून घेऊ नका. दोनच ओळी चालतील, पण तुमच्या हातच्या. मला अक्षर बघायचंय.

तुमची, नख मोडून बसलेली,
धाकटी