गालांना कापड जोडता येत नाही

उस्ताद, तुम्ही गेल्यानंतर मला एचआयव्ही निघाला. गोळ्यांनी जीव वाचला, पण त्याच गोळ्यांनी गालांतली आणि हातापायांतली चरबी नेली, आणि पोटावर, मानेमागे आणून ठेवली. मानेखाली लिंबाएवढा उंचवटा आहे. टेप लावून मीच मोजतो.

भूकंपात घर गेलं आणि काकाने मला लातुरात तुमच्या दुकानात आणून सोडलं, तेव्हा मदतीत वाटलेले शहरातल्या लोकांचे जुने शर्ट तुम्ही उसवून आमच्याकडच्या माणसांच्या अंगाला बसवत होता. एक कुबड आलेला माणूस समोर उभा आहे. मी विचारतो, ह्याच्या कुबडाचं माप कुठून घ्यायचं? तुम्ही लाकडी पट्टी माझ्या बोटांवर मारता. तो गेल्यावर म्हणता, "माप घ्यायचं, नाव नक्को घेऊ. पाठ दीड इंच लांब काप, बस." मग स्वतःच त्याला उंट म्हणून हसता. मीही हसतो.

त्या दीड इंचावर स्वतःचे शर्ट शिवून मी वर्ष काढलं. पाठ लांब, कॉलर उंच, पुढून घेर सैल, बाह्या रुंद. गालांना मात्र कापड जोडता येत नाही. दुकान आता तुमच्या मुलाचं आहे, आम्ही कोचिंग क्लासच्या पोरांचे गणवेश शिवतो. परवा एक बाप पोराला घेऊन आला. मी पोराच्या खांद्याला टेप लावला, तर बाप माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "आमच्या भोकरला एकाचं असंच झाल्तं. गाल आत, पोट भायर. बाजूला हो, पोराला हात लावू नको." तुमच्या मुलाने माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला. ते गेल्यावर म्हणाला, "उद्यापासून पडद्यामागं मशीनवर बस. गिऱ्हाईक तुटून राहिलं. अब्बा असते तर त्यांनीबी हेच केलं असतं." मी खूप विचार केला. केलं असतं.

सरकारी दवाखान्यात मी विचारलं, गोळ्या बंद केल्या तर चेहरा परत येईल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चेहरा येण्याआधी तुम्ही जाल. त्यांनी गोळी बदलून दिली, रोज चालायला सांगितलं. पोट थोडं उतरेल, गालांचं सांगता येत नाही.

गोळी मी चुकवत नाही. हा कागद कुठे टाकायचा नाही, तुमच्या मुलाच्या हाती लागला तर मशीनही जाईल. एवढंच कबूल करतो, पडद्यामागे मला कुणी बघत नाही, आणि मला तिथे बरं वाटतं.