आमचं घर सुटं करण्याचा कट

४ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. कारणं दोन. एक, बेटावरच्या आमच्या घराचा इतिहास मी लिहायला घेतलाय. वीस प्रकरणं. दोन, माझा कुणावरही विश्वास नाही.
परिस्थिती अशी: दादाला घर हॉटेलवाल्याला विकायचंय. हॉटेलवाला ते पाडणार. ताईने वारसा समितीकडे अर्ज केलाय. एप्रिलअखेर घर त्यांच्या यादीत गेलं, तर कुणाला फळीसुद्धा हलवता येणार नाही. नाही गेलं, तर मी बाहेर. मी इथेच जन्मलो, बावन्न वर्षं इथेच राहिलो, मला दुसरीकडे झोप लागत नाही. दादा म्हणतो, लागेल.

५ मार्च
प्रकरण पहिलं, वाक्य पहिलं: पणजोबांनी बेटावरची झाडं स्वतः तोडून हे लाकडी घर स्वतःच्या हातांनी उभारलं. ताईला फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलं की बेटावर पुरुषभर उंचीचं एक तरी झाड आहे का. म्हटलं, पणजोबांनी तोडली, म्हणूनच नाहीत. ताईने जेवलास का म्हणून विचारलं. तिचं असं विषय बदलणं मला आवडलं नाही.

९ मार्च
ताईने सुतार पाठवलाय, समितीची कामं करणारा. दहाच्या लाँचने येतो, पाचच्या लाँचने जातो. काम काय, तर समितीच्या बाई येण्याआधी तुळयांवरचा काळा रंग खरवडून काढायचा. मिशी भरपूर, बोलणं मोजकं. लाकडावर टिचकी मारतो आणि कान लावतो. काय ऐकतो कोण जाणे. लक्ष ठेवायला हवं.

११ मार्च
पुरावा! जेवणघराच्या दारावरच्या तुळईवर पटाशीने कोरलेल्या तीन रेघा आणि एक फुली. खालच्या खांबावर तेच: तीन रेघा, एक फुली. परवापर्यंत काही नव्हतं. सुताराला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणे, रंगाखाली होत्या. रंगाखाली! बावन्न वर्षं मी त्या तुळईखाली जेवतोय.

१३ मार्च, दुपार
आंघोळ करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे नंबर आहेत! कुठली तुळई कुठल्या खांबावर बसते त्याचे. म्हणजे घर सुटं करून न्यायचं आणि पलीकडे पुन्हा जोडायचं. दादाने कालच फोनवर विचारलं की लाकूड कसं आहे. माझी तब्येत त्याने गेल्या सात वर्षांत विचारलेली नाही. सुतार दादाला फितूर आहे.
ताईला कळवलं. ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. ताईसुद्धा त्यांच्यात?

१४ मार्च, संध्याकाळी साडेपाच
आरडाओरडा करायचा नाही. नंबर गेले की कट फसला. बेटावरच्या एकुलत्या एका दुकानातून पॉलिश पेपर आणला. दुकानदाराने कशाला हवा म्हणून विचारलं. टाचा घासायला, म्हटलं. त्याला काय कळतंय!
घासण्याआधी प्रत्येक खूण इथे लिहून ठेवणार. पुढे कोर्टात उपयोगी. जेवणघर, दारावरची तुळई आणि तिचा खांब: तीन रेघा, एक फुली. घासलं. पांढरं पडलं म्हणून वर बूटपॉलिश फासलं. अगदी बेमालूम.

२१ मार्च
पुढची खोली. खिडकीकडची तुळई: दोन फुल्या, एक रेघ. तिचा खांब: तेच. जिन्याजवळची: एक फुली, खाली आडवी रेघ. तिचा खांब: तेच. सुतार दिवसभर कोरतो, मी संध्याकाळी घासतो. एक खोली झाली की तो मागे वळून बघत नाही, हे त्याचं चुकतंय. उजवा खांदा दुखतो. इतिहास: वाक्य पहिलंच, पण पक्कं.

३० मार्च
मोहीम फत्ते. एकूण बेचाळीस खुणा, सगळ्या नोंदवल्या, सगळ्या साफ. सुताराचंही काम आज संपलं. जाता जाता घरभर फिरला. जेवणघराच्या दाराशी थबकला, तुळईवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, मग माझ्या बुटांकडे बघितलं. पिशवी उचलून लाँचकडे निघून गेला. अट्टल आहे.

६ एप्रिल
समितीच्या बाई आल्या, बरोबर सुतार. पाठोपाठ दादाही, न बोलावता. बाईंनी आल्या आल्या विचारलं की सुतारांनी फोनवर सांगितलेल्या खुणा कुठे आहेत. सुतार खाली मान घालून उभा.
मग बाईंनी समजावलं. हे घर बेटावर बांधलंच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी पलीकडच्या किनाऱ्यावर आधी पूर्ण उभं केलं, प्रत्येक सांध्यावर जोडीने खुणा कोरल्या, मग सुटं करून होड्यांतून इकडे आणलं आणि खुणा जुळवून पुन्हा उभारलं. अशी घरं आता जवळपास उरली नाहीत. खुणा असत्या, तर दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरजच नव्हती. सुताराकडे फोटोही नाहीत. त्याचा फोन बटणांचा.
मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. दादा म्हणाला, पॉलिश पेपर सुताराच्याच पिशवीत असतो, रंगाबरोबर खुणाही त्यानेच घालवल्या असणार. सुताराने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी बोलणारच होतो, पण तेवढ्यात बाईंना चहा विचारायला हवा होता.

७ एप्रिल
ताईचा फोन. समितीच्या कामांवरून सुताराचं नाव कमी होणार म्हणे. मी म्हटलं, अरेरे.

८ एप्रिल
समितीला पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा: ‘अज्ञात इसमाने’. दुसरा: ‘घरातीलच एका इसमाने सद्हेतूने’. तिसरा फाडला. जेवण गेलं नाही. झोप लागली नाही, तीही याच घरात.

९ एप्रिल
पहिल्या लाँचने सुताराच्या घरी गेलो. दारातच सांगून टाकलं: मी केलं. तो म्हणाला की माहीत आहे, बूटपॉलिशचा वास लपत नाही. मग बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, राहणाऱ्या माणसानेच खुणा घासल्या असं कळलं असतं तर अर्ज तिथेच बाजूला पडला असता. माझं काय, मला दुसरं काम मिळेल, तुम्हाला दुसरं घर कुठून मिळणार.
मला रडू आलं. लाज वाटली. त्याच्या बायकोने पाणी दिलं.
नोंदी आहेत हे तेव्हा आठवलं. वही बरोबरच होती. सुताराने उभ्या उभ्या दहा-बारा पानं वाचली. ‘फितूर’ आणि ‘अट्टल’सकट. तोंडावरची रेषाही हलली नाही. म्हणाला, आता पुरावा आहे, ही बाईंना द्या.

१० एप्रिल
कामाची तेवढी पानं फाडून द्यावीत असा विचार केला. पण प्रत्येक खुणेच्या आगेमागे कुणी ना कुणी शिव्या खातोय. ताई म्हणाली, अख्खी वही दे, नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही. उद्या देणार. दादाही वाचेल. वाचू दे.

२८ एप्रिल
वही परत आली. प्रत्येक पानावर समितीचा शिक्का. बाईंनी तुळयांवर बाजूने टॉर्च धरून बघितलं. खोल कोरलेलं पूर्ण जात नाही म्हणे, पण काय शोधायचं ते ठाऊक असावं लागतं. वहीतल्या बेचाळीसपैकी अडतीस खुणा जिथल्या तिथे सापडल्या. घर यादीत गेलं! सुताराचं नावही कायम राहिलं. वहीच्या प्रती समितीत सगळ्यांनी वाचल्या. ताई सांगते, डब्याच्या वेळी मोठ्याने.
समितीच्या अटी दोन. लाकडाला हात लावायचा तो फक्त सुताराने. आणि मी रोजची नोंद चालू ठेवायची. दर महिन्याला वही समितीत तपासली जाईल. नोंदी तपशीलवार असतात असा शेरा आहे.

१ मे, सकाळ
हवा छान आहे. सुतार दहाच्या लाँचने आला. अत्यंत सज्जन गृहस्थ. दादा मनाचा मोठा आहे. ताईचं माझ्यावर फार प्रेम आहे. समितीच्या बाईंचा व्यासंग दांडगा आहे. इतिहासाचं पहिलं वाक्य खोडलं. न्हाणीघराचं दार घट्ट बसतं. ते जरा घासावं, असा विचार माझ्या मनात आलेला नाही.