गोजरबाई पाठपोट

६ ऑक्टोबर १९९७, सोमवार

आज गोजरबाई पाठपोट छापल्या. पुढच्या बाजूला ठीक — पळसदेवच्या ग्रामपंचायतीच्या उमेदवार, हात जोडलेल्या, खाली कपबशीचं चिन्ह. मागच्या बाजूला पुन्हा त्याच, फिकट आणि उलट्या, नथ दुसऱ्या नाकपुडीत. गठ्ठाभर पत्रकं तशी निघाली तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. मी कागद लावत होते, आफताब शाई बघत होता. (नवऱ्याचं नाव फक्त या पानावर. समोर ‘अहो’च.)

"सोलेनॉईड अडकला," म्हणाला आणि नेहमीसारखं तेल ओतलं.

तेवढ्यात गोजरबाई स्वतःच दारात! पत्रक उलटून पालटून पाहिलं. "करिमा, माझं तोंड एकीकडनं बघून लोकांचं भागंना व्हय?" हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "शनिवारी गावात फेरी हाय. तवर एकीकडचंच पायजे मला."

७ ऑक्टोबर

पुन्हा तेच. पुन्हा तेल.

जेवताना आफताब म्हणाला, "इकून टाकतो हे धूड. शारजाला मावसभाऊ बोलवतोय, तितल्या छापखान्यात माणूस पायजे." मीठ मागावं तसं बोलला. मी भाकरी वाढली.

पण रात्रभर तेच डोक्यात. तिकडं गेलेली माणसं दोन-दोन वर्षं येत नाहीत. मशीन बरं झालं तर हा कशाला जाईल? माझा हिशेब सरळ आहे.

८ ऑक्टोबर

सकाळी त्याला म्हटलं, आज मला बघू द्या. "बघ की," म्हणाला आणि पान्हा हातात दिला.

इतकी वर्षं कागद लावतेय, त्यामुळं मशीनची चाल ठाऊक आहे. कागद येत असला की सोलेनॉईडला, म्हणजे तारेच्या कॉईलला, करंट मिळतो, तो लोखंडी दांडा आत ओढून धरतो, सिलिंडर एकमेकांना टेकतात आणि छपाई होते. एखादा कागद चुकला की करंट बंद. दांडा सुटतो, सिलिंडर लांब होतात. आमचा दांडा सुटतच नाही. मग गोजरबाई कागदाऐवजी सिलिंडरवर छापल्या जातात आणि तिथून पुढच्या कागदांच्या पाठीवर.

दांडा अडकल्यावर मी सरळ मेन स्विचच बंद केला. तरी अडकलेलाच. हलकी टिचकी मारली — सुटला. म्हणजे करंटचा दोष नाही. आफताबला दाखवलं तर डोकं खाजवत म्हणाला, "आयला, हे बघितलंच न्हवतं."

दांडा बाहेर काढला. तेल आणि कागदाची धूळ मिळून काळा चिकटा झालेला. रॉकेलनं धुतला, कोरडा पुसला. दुपारपर्यंत झकास चाललं. मी मनातल्या मनात शारजाचं विमान परत पाठवलं.

चार वाजता नथ पुन्हा उलटी.

९ ऑक्टोबर

सोलेनॉईड डब्याच्या पिशवीत घालून एसटीनं बारामतीला. शेजारच्या बाईनं विचारलं, "डबा कुणाला?" म्हटलं, दवाखान्यात आहे आमचा एक जण.

भिमा जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळतो, रिवाइंडिंग करतो, आफताबच्या ओळखीचा. मीटर लावून म्हणाला, "कॉईल ठणठणीत हाय वयनी. माझं हितं कामच न्हाय." मी मेन स्विचचं सांगितलं. मग त्यानं दांडा उलटा धरून टोकावरनं नख फिरवलं. "तळाला पितळंची चकती असती. ती झिजून गेलीया. आता लोखंडाला लोखंड भिडतंय, करंट गेला तरी चुंबकावानी धरून बसतंय."

"चकती मिळंल का?"

"ह्या जुन्या मशीनची? न्हाय मिळायची. पण पातळ पितळ कापून घाला की, त्यात काय."

परतीच्या गाडीत उभीच होते, तरी बरं वाटत होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पितळ घरातच निघालं! पूर्वी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचो, तेव्हाच्या रेघा छापायच्या पितळी पट्ट्या माळ्यावर होत्या. आफताबनं पट्टी पक्कडीत धरली, मी कानस मारली. नंतर अदलाबदल. दोघांची बोटं काळी. इतक्या दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला असे डोकं लावून बसलो होतो. मला तर ती चकती लवकर होऊच नये असं वाटत होतं.

चकती तळाशी बसवली. मशीन सुरू. मी मुद्दाम एक कागद ओढून घेतला — टक. दांडा सुटला, सिलिंडर लांब. पुन्हा ओढला. टक. आफताब म्हणाला, "आता तूच चालव." चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला आणि मी सगळी पत्रकं काढेपर्यंत बघत राहिला. नुसता हसत होता.

राहतोय हा. मला खात्री आहे.

११ ऑक्टोबर

गोजरबाई गठ्ठे न्यायला आल्या. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पत्रक उलटून बघितलं. "पाठ कोरी हाय. बेस झालं. मी पडले तरी पोरास्नी गणितं करायला व्हतील."

१२ ऑक्टोबर

सुट्टी. मटण. शारजाचं नाव नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आफताब एसटीडी बूथवरनं फोन करून आला तो खुशीत. मावसभावाला होकार कळवून आला होता. "मशीन इकायची गरजच न्हाय आता," म्हणाला. "तू हाय की. मी घोर न करता जाईन." मी मान हलवली. त्याला थांबवायला हे सगळं शिकले, ते सांगितलं नाही.

रडू आलं, पण नंतर. आधी मशीन राहणार म्हणून बरं वाटलं.