डावीकडे न वळणारी शाळा

४ मार्च
बसची नोकरी सोडून तीन महिने झाले. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला गाडी एक, शिकणारा एक — गाव्रिलकाका, वय एकाहत्तर. हात बरा आहे. फक्त डावीकडे वळत नाहीत.
"काका, डावा सिग्नल द्या."
"नको."
"का?"
"तिकडं माझं काही काम नाही."
मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. बाजाराला सात प्रदक्षिणा. शेवटी भाजीवाल्या ओळख दाखवायला लागल्या.
धडा — गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. एकुलतं एक असेल तर मुळीच नाही.

११ मार्च
आई — "बसमध्ये पेन्शन तरी होती, लुक्रेत्सिया." जेवले नाही.

१५ मार्च
आमच्या बुझाऊ गावभर बोभाटा झालाय, की मी डावीकडे वळायची सक्ती करत नाही. चर्चमधून थेट तीन म्हाताऱ्या नाव घालायला आल्या. त्यातली आन्कामावशी म्हणाली, "मला रिव्हर्सही नको गं. झालं गेलं ते गेलं." बरं म्हटलं. काय करणार?

२ एप्रिल
शिकणारे नऊ! परीक्षेला कुणीच बसत नाही. बसले तर नापास होतील, म्हणून कुणी विषयच काढत नाही. चौकातला पोलीस आताशा आम्हाला सलाम करतो. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, "नावाखाली काय लिहू?" मी म्हटलं, "बघू, घाई नाही." तेच लिहून आणलं. राहू दिलं.
धडा — आपण काय विकतो हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं.

९ एप्रिल
आन्कामावशीकडून कळलं. काका टाळतात त्या डाव्या गल्लीत त्यांचा धाकटा भाऊ राहतो, इरिमिया. एकोणीस वर्षं अबोला. वडील गेले तेव्हा आलुबुखाराची दारू गाळायच्या भट्टीवरून वाटणी फिसकटली. भांडं इरिमियानं नेलं, झाकण काकांनी. तेव्हापासून दोघांच्याही घरी थेंब गाळलेला नाही.
आज काकांकडे हळूच विषय काढला. "माझ्या झाकणाला साधा पोचा नाही," म्हणाले. आणि उजवीकडे वळले.

१६ एप्रिल
बेकरीत गरम कोव्रिग पाव घ्यायला उतरले, किल्ली गाडीतच. वळून बघते तर गाडी चाललेली — डावा सिग्नल देऊन! परवाना नसलेला माणूस, माझी एकच गाडी. कुणी अडवलं असतं तर शाळेला कुलूप. धावले. पोलिसानं काकांना सलाम ठोकला, मग मलाही.
गाडी एका हिरव्या फाटकापाशी. हँडब्रेक नीट ओढलेला. काका आतच, स्टिअरिंग धरून. फाटकात तसल्याच नाकाचा म्हातारा.
"या वयात शिकतोस?" तो म्हणाला.
"चालत आलो असतो तर गल्ली म्हणाली असती, गाव्रिल नमला."
इरिमिया फाटकातून बाजूला झाला. मग म्हणाला, "झाकण आहे का अजून?"
"डिकीत."
"कधीपासून?"
"पहिल्या शिकवणीपासून."
माझ्या गाडीच्या डिकीत! मी मेली म्हणत होते, मागे काय खडखडतंय. कोव्रिग तिघांत वाटून खाल्लं.

२० एप्रिल
काकांनी शिकवणी सोडली. "परवाना काय करू, पोरी? इरिमियाचं घर माझ्या दारापासून दोनशे पावलांवर आहे."