जांभळा दोरा बांधलेली नळी

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार, पण जरा रागावूनच.

बाबांच्या घशाचा नमुना आज आमच्या प्रयोगशाळेत आला. नळीवर फक्त नंबर असतो, नाव नसतं. तरी मी ओळखली, कारण तिला तुझ्या शिवणाच्या डब्यातला जांभळा दोरा होता. घरी आलेल्या नर्सबाईंची नजर चुकवून कधी बांधलास गं?

साथीच्या या नव्या औषधाच्या चाचणीत बाबांना खरं औषध मिळतंय की नुसत्या पिठाच्या गोळ्या, असं तू विचारलंस. मला माहीत नाही. त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलंय. ही आंधळी कोशिंबीर आम्ही मुद्दामच खेळतो, कारण माहीत असलं की डोळ्यांना हवं तेच दिसतं.

गंमत बघ, काहींच्या नमुन्यांतला विषाणू आठवड्यात पळ काढतो, काहींच्यात ठाण मांडून बसतो. हे औषधामुळे, की त्या माणसांच्या अंगातच काही वेगळं आहे? जेवतानाही हेच डोक्यात असतं. जेवते मात्र वेळेवर.

बाबा पुन्हा जेवणातल्या मिठावरून कुरकुर करायला लागले का? ते आमच्या यंत्रांना कळत नाही, तूच कळव. आणि तू खोलीत जाताना मास्क लावतेस ना?

आपल्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नाही, म्हणून नळी शेजारच्या टेबलावर दिली. देण्याआधी उजेडात धरली. विषाणू नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवते. तरी बराच वेळ बघत राहिले.

तुझीच,
ठमी