डावी भिंत मुकी

१० सप्टेंबर, बुधवार

लालासाहेबाशी वाजलं. विषय तोच — दिवाळीला येणारा समुद्राचा सिनेमा बघायचा कुठे. तो म्हणतो, गाडी करून पुण्याला जाऊ, तिथला पडदा चार मजली आहे. सतरा वर्षं फौजेत काढल्यापासून त्याला सगळंच मोठं लागतं — ताट, मिशी, पडदा. मी म्हणालो, पडदा नुसता दिसतो, सिनेमा पोचतो तो कानातून. आपल्या सांगलीच्या थिएटरात नवीन साउंड परवा सुरू होतंय. भिंतींत बत्तीस, छतात बारा, पडद्यामागे पाच, खाली दणक्याचे चार — त्रेपन्न स्पीकर. आधी ते ऐकू, मग पुण्याच्या गप्पा.

'फर्स्ट शो' ग्रुपवर दिवसभर हाणामारी. एकाला पाय पसरायच्या खुर्च्या हव्यात. सिनेमा बघायचाय की झोपायचंय? शेवटी ठरलं — वस्तादांनी ऐकून सांगायचं. वस्ताद म्हणजे मी. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. एकतीस वर्षं अँप्लिफायर उघडतोय, आणि अजूनही लोक माझ्या कानावर चालतात.

थिएटरच्या बूथमध्ये बिराप्पा आहे. सहा वर्षं माझ्याकडे शिकला, नंतर नऊ वर्षं तिथे ऑपरेटर. म्हणजे तिथे माझंच नाव लागलंय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला शो. ग्रुपचे चाळीस जण. माझी खुर्ची मुद्दाम मधली — आठवी रांग, अकरा नंबर. चारी बाजूंचा आवाज तोलायचा तर तिथेच बसावं लागतं.

विसाव्या मिनिटाला पकडलं. हेलिकॉप्टर डोक्यावरून फिरून डावीकडे उतरतं असा सीन. उजवीकडून आलं आणि उजवीकडेच मेलं! पुढे पाऊस — उजवीकडे धो-धो, डावीकडे कोरडं. डावी अख्खी भिंत बंद. बाकीच्यांना काही कळलं नाही, ते शिट्ट्या मारण्यात दंग.

इंटरव्हलला बिराप्पाला खाली बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, "कानात बोळे घालून बसलाय का रं? डावी भिंत मुकी हाय." लोक हसले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "व्हय वस्ताद. माझी चूक. बघतो."

एवढ्या नव्या मशीनमधली खोट वीस मिनिटांत. कान असे लागतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

ग्रुपवर सविस्तर लिहिलं. किती वाजता, कुठल्या खुर्चीवर, कुठल्या सीनला. वर मथळा — 'डावी भिंत मुकी.' रात्रीपर्यंत मिरजेच्या, इस्लामपूरच्या ग्रुपांवर फिरून परत माझ्याकडेच आला. लोक थिएटरच्या मालकाला फोन करून तिकिटाचे पैसे परत मागतायत म्हणे.

१५ सप्टेंबर, सोमवार

बिराप्पाला कामावरून काढलं. वाईट वाटलं. पण चूक त्यानेच कबूल केली होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मालकाने पुण्याहून इंजिनिअर आणला. त्याचा निकाल — त्रेपन्नच्या त्रेपन्न चालू. बिराप्पाने आधीच दुरुस्त केलं असेल असं वाटलं, म्हणून मी संध्याकाळी स्वतः तिकीट काढून गेलो. तीच रांग, तोच नंबर. डावी भिंत अजून मुकी!

ग्रुपवर लिहिलं — कागदावरचे इंजिनिअर. त्रेसष्ट अंगठे आले.

२१ सप्टेंबर, रविवार

लिहू की नको, असं तासभर चाललंय. लिहितो.

उद्या घटस्थापना, मंडपवाल्यांच्या मशिनी तपासायला आल्यात. दुपारी एक मशीन हेडफोनवर ऐकत होतो. डावी बाजू मुकी. वायर बदलली. मुकी. दुसरा हेडफोन घेतला. मुकी. मग दुकानात शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी जे शिकवतो ते केलं — उलटं लावून बघायचं. उजवा कप डाव्या कानावर, डावा उजव्यावर.

जो कप आतापर्यंत गात होता तो गप्प झाला. मुका होता तो गायला लागला.

चार वेळा केलं. मशीन ठीक. वायर ठीक. हेडफोन ठीक.

शटर अर्धं ओढून बसलो. सव्वाबारा वाजले होते. थिएटरातही फार काही करायचं नव्हतं. उठून पडद्याकडे पाठ करायची आणि दोन सेकंद ऐकायचं. एवढं केलं असतं तर उजवी भिंत मुकी झाली असती, आणि मला तिथेच कळलं असतं. केलं नाही. स्वतःला तपासायचं मनातसुद्धा आलं नाही.

आणि बोळे म्हणे बिराप्पाच्या कानात.

२२ सप्टेंबर, सोमवार

विजयमालाला सांगितलं. वाटलं होतं बायको घाबरेल. ती घट मांडत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "आवं, दोन वर्षं झाली मी तुमच्या उजव्या अंगानंच चालतीया."

मग बोलली का नाहीस?

"एकदा बोलले हुते. तुमी म्हणाला, तूच पुटपुटतीस."

म्हणालो होतो. तेव्हा भाजी घेऊन येत होतो, आठवलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मिरजेला कान तपासले. काचेच्या खोलीत बसवून शिट्टीसारखे आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला पटापट दाबलं. डाव्याची वेळ आली तेव्हा मी बटणावर बोट ठेवून वाट बघत बसलो. काचेपलीकडे बाईंचे हात हलताना दिसत होते, म्हणजे आवाज सोडत असणार. एकदा अंदाजाने दाबून टाकलं! या वयात, कॉपी करणाऱ्या पोरासारखं. बाईंच्या लगेच लक्षात आलं. "ऐकू आलं तरच दाबा, काका."

कागदावर दोन रेघा. उजवी वरून सरळ जाते. डावी सुरुवातीपासून खाली. हळूहळू गेलाय, म्हणाल्या. परत येणार नाही. मशीन लावता येईल. काम काय करता, विचारलं.

दुकान आहे, म्हणालो. कसलं, ते सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

ग्रुपवर टाकायला मजकूर लिहिला. खोडला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आजही नाही. आधी बिराप्पाला भेटावं, मग जाहीर सांगावं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण — धीर नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने आटपाडी, तिथून वडापच्या जीपने बिराप्पाच्या गावी. वाटेत वाक्य पाठ केलं होतं : चूक माझी होती, मला माफ कर. सहा शब्द.

तो भावाच्या मेंढरांचा वाडा नीट करत होता. बूथमध्ये एसीत राहून हात मऊ झालेले, काट्यांनी ओरबाडले होते. घोंगडं अंथरलं, मला बसवलं. मग स्वतः येऊन बसला — फिरून माझ्या उजवीकडे.

तेव्हाच कळलं. तुला माहीत होतं, म्हणालो. व्हय, म्हणाला. कधीपासून? तो काडीने माती उकरत राहिला.

"मग माझी चूक, असं कशाला म्हणालास?"

"चाळीस माणसं हुती वस्ताद तिथं."

एवढंच. माझे सहा शब्द आतच राहिले. बाहेर आलं ते, "जेवलास का?"

तेवढ्यात त्याची आई तानुबाई भाकरी घेऊन आली. माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि हात जोडले. म्हणाली, "तुमच्या हाताखाली शिकून एवढी मोठी चूक केली त्यानं. पदरात घ्या वस्ताद. मालकाला एक शब्द सांगा."

मी तोंड उघडणार, तर बिराप्पाने तिच्या मागून नुसती मान हलवली. सांगू नका. त्याच्या मानेचा आधार मिळाला आणि मी गप्प राहिलो. म्हातारीच्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या. ती वाढत होती, मी घेत होतो. बघतो, म्हणालो तिला. जसा मी कुणी उपकारकर्ता!

इतकं लाजिरवाणं जेवण आयुष्यात जेवलो नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ९.२० ला ग्रुपवर लिहिलं. 'डावी भिंत पहिल्यापासून चालू होती. माझा डावा कान गेला आहे. बिराप्पाची काडीची चूक नाही. मी त्याचा अपमान केला.' पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

दहा मिनिटांनी बघितलं. हात जोडलेल्यांची रांग! 'वस्ताद, मन असं लागतं.' 'चेल्यासाठी स्वतःवर घेतलं.' लालासाहेबाचा फोन आला — "गड्या, फौजेत असतास तर मेडल मिळालं असतं. पर एवढं खोटं बोलू नगंस. तुझा कान कोण जाणत न्हाई?" मालकाला फोन केला, तर तोही हसला. तुमचा शब्द मोठा, पण ऑपरेटरने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, म्हणाला.

खरं बोललो तेच खोटं ठरलं, आणि त्या खोट्यासाठी मान मिळाला.

याहून वाईट म्हणजे, तासभर मी तो घेतला. एकेक मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. चहा सांगितला. हे कुणी बघितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड — सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. कान कुठे मांडायचा?

११.४० ला मिरजेच्या कागदाचा फोटो टाकला. नाव, वय ५४, तारीख, दोन्ही रेघा. खाली एकच ओळ : 'खालची रेघ डाव्या कानाची आहे.'

दोन वाजेपर्यंत ग्रुप गप्प. मग तिघांनी एकमेकांचं बघून अंगठे दिले आणि काढूनही घेतले. कशाला अंगठा द्यायचा, हे त्यांनाही कळेना.

चारला लालासाहेब दुकानात आला. डावीकडून काहीतरी बोलला, मग चपापला, काउंटरला वळसा घालून पलीकडे गेला. तो कागद मालकाला दाखवून आला होता. बिराप्पा सोमवारपासून बूथमध्ये. बिराप्पाला मालकाने स्वतः फोन केला. मी तानुबाईला करायला हवा होता. नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला. जाऊनच सांगतो. हेही न सांगण्याचं निमित्त नसो.

संध्याकाळी ग्रुपवर समुद्राच्या सिनेमाचं पुन्हा सुरू झालं. पुणे की सांगली. पडदा की आवाज. मी सगळं वाचलं. मला कुणी विचारलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मंडप-साउंडवाला शिवतेज, घटस्थापनेच्या चार दिवस आधी माझ्याकडून तपासून नेलेली मशीन घेऊन आला. नवरात्रभर डावा कर्णा बेसुमार ओरडत होता, बायका कान धरून बसायच्या. "ह्या खेपंला बिराप्पा गावी हुता नव्हं," असं म्हणाला आणि जीभ चावली. काय ते सांग म्हणालो, तेव्हा बोलला. माझ्या दुकानातून नेलेली मशीन सगळे मंडपवाले आधी बिराप्पाच्या खोलीवर न्यायचे. दोन वर्षं. मी चढवून ठेवलेली डावी बाजू तो बेतात आणून द्यायचा, हात लावल्याचं काही घ्यायचा नाही. अट एकच — वस्तादांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.