पाठ झालेलं वगळणे

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर, पलंग कुरकुरणारा, खिडकी ऐसपैस. सगळ्यात भारी म्हणजे एका भिंतीवर अख्खा काळा फळा. घरमालकीण बाई पूर्वी इथे गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून खोली भाड्याने देतात. दारातच मला न्याहाळून त्यांनी विचारलं, अभ्यासाला आलीस की लपायला. मी म्हटलं, दोन्हीला. मोबाइल मुद्दाम घरी ठेवलाय, नाहीतर माझा अभ्यास म्हणजे नुसती बोटांची कसरत. खोलीत बाईंचा जुना वायरवाला फोन आहे, त्यावर बाबा संध्याकाळी करतील.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची ही माझी शेवटची संधी, पुढच्या वर्षी वयात बसत नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि बाबांनी शिलाई मशीनवर मान मोडून मला इथवर आणलंय. निघताना चिडवत होते, पण पिशवीचा बंद तुटलेला नसतानाही पुन्हा शिवून दिला.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज वेळापत्रक. माझं वेळापत्रक म्हणजे दागिना असतो. सकाळी डोकं ताजं असताना गणित, दुपारी पेंग येते तेव्हा उतारे आणि शब्द, संध्याकाळी तर्काची कोडी. शनिवारी सराव परीक्षा, रविवारी उजळणी. रंगीत खडूंनी चौकटी आखल्या आणि खाली ठळक नियम लिहिला: पाठ झालं की वगळणे. मी येतं तेच घोकत बसते आणि अवघड ते तसंच राहतं, गेल्या खेपेला त्यानेच घात केला.

बाई कशाबशा जिना चढून बघायला आल्या. वेळापत्रकाला मान डोलावली, नियमावर मात्र बोट ठेवलं. काय पाठ झालं की, ते लिही म्हणाल्या. या फळ्यावर अर्धं वाक्य ठेवू नये. गणितवाल्यांना असला काटेकोरपणा चिकटलेलाच असतो. मी हो हो म्हटलं आणि तसंच ठेवलं. वाचणार कोण, मीच ना.

११ ऑक्टोबर

गाडी रुळावर आहे. शब्दांचा फडशा पाडतेय, संभाव्यता मात्र अजून डोक्यावरून जाते. गंमत म्हणजे पुस्तकात पाठ झालेल्या शब्दांच्या जागा आज कोऱ्या दिसल्या. शाई उडाली असेल. समोरच्या घराचं निळं दारही दिसेना. खिडकीत बसून बसून ते डोळ्यांत बसलं होतं, आज तिथे साधी भिंत. बुजवलं असेल म्हणून बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, दार आहे तिथेच आहे, डोळे तपासून घे.

बाबांनी नेहमीप्रमाणे जेवणाची चौकशी केली आणि मशीनला शिव्या घातल्या.

१५ ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं. खाली उतरलं की बाई रोज एकच प्रश्न विचारतात, झाला का आजचा कोटा. आज त्यांचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. मला वाटलं कान बसले. पण पाठोपाठ त्यांनी विचारलं की अशी पांढरी का पडलीस, आणि ते स्वच्छ ऐकू आलं.

कोट्याचं वाक्य मला पाठ आहे. निळं दार पाठ होतं. शब्द पाठ होते.

धावत वर आले, नियम पुसायला. वेळापत्रक जसंच्या तसं आहे, फक्त नियमाची ओळ दिसत नाही. अर्थात. ती तर मला सगळ्यात आधी पाठ झाली. दिसतच नाही ते पुसू कुठून? ओल्या फडक्याने सगळा फळा घासला. दार परत आलं नाही. मला फार भीती वाटतेय.

१६ ऑक्टोबर

सकाळी पूर्ण वाक्य लिहिलं: वगळायचं ते फक्त पुस्तकातलं. पूर्णविराम दिला, एकदा वाचलं आणि गेलं. आपण स्वतः लिहिलेलं लगेच पाठ होतं, एवढंही लक्षात आलं नाही.

पिशवी भरली. दार उघडलं तर जिना नाही. न बघता उतरायची मी, पायांना पाठ झाला होता. उंबऱ्यापुढे खड्डाही नाही, नुसतं काही नाही. पाय पुढे टाकला तर तो कुठेच टेकेना. बाईंना हाका मारल्या. उत्तर नाही. त्या आल्याही असतील. एव्हाना त्याही पाठ झाल्या असतील.

खिडकीबाहेर रस्ता नाही. बिस्किटांचा पुडा आहे, माठात पाणी आहे.

१७ ऑक्टोबर

बाबांचा फोन. मधूनच सुरू झाला, जेवलीस का ते ऐकूच आलं नाही. मग मशीनच्या शिव्याही नाहीत, नुसती खरखर. मी ओरडलेच, म्हटलं, कधी न सांगितलेलं काहीतरी सांगा. ते बावरले. मग सांगितलं, शिकाऊ असताना एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या आणि भीतीने दिवसभर कपाटामागे बसले होते. सगळं ऐकू आलं. शब्द न् शब्द. मी हमसून रडले. आणखी सांगा म्हटलं. ते म्हणाले, रविवारी येतोय.

१८ ऑक्टोबर

येऊ नका म्हणून सांगायला हवं. बाबा मला डोळे मिटून पाठ आहेत. समोर उभे राहिले तर — परीक्षा गेली खड्ड्यात. ते राहायला हवेत.

फोन उचलला. त्यांचा नंबर लहानपणापासून बोटांत आहे. बोट पुढे गेलं आणि तिथेच राहिलं. फोनवर एकही आकडा नाही.

आज त्यांनी केला नाही. किंवा केला, आणि घंटा —

१९ ऑक्टोबर

फळ्यावर नवं वेळापत्रक. विसरण्याचं. सकाळी मिशी आणि चष्मा. दुपारी चाल. संध्याकाळी आवाज. सुई ओवताना जीभ बाहेर काढतात, ते कधी विसरायचं? वेगळी चौकट हवी.

घोकून विसरता येत नाही. जितका विसरायचा अभ्यास करते तितके जास्त —

चौकटी गेल्या. पलंगही. जमिनीवर बसून लिहितेय. संभाव्यतेचं पुस्तक तेवढं शाबूत आहे, पानन् पान.

२० ऑक्टोबर, रविवार

पावलं. खालून. जिना नाही तरी वर येतायत. त्यांच्यासाठी असेल.

दाराकडे पाठ करून बसलेय. बघणार नाही.

एक पाऊल जड, एक — नाही. ओळखायचं नाही. कुणीतरी माणूस आहे. कुणीही.

आधी वळून बोलू का? येऊ नका, बाबा — पण बाबा म्हटलं की —

दारात थांबले. आत यायच्या आधी नेहमी घसा खाकरतात. आता खाकरतील.

ऐकू आलं नाही. म्हणजे दुसरंच कुणी आहे, किंवा मला ते